सर्वांसाठी खुला हौद

पाणी हे जीवन होय, असे आपण म्हणतो. सूर्यप्रकाश आणि वारा ह्यांप्रमाणेच पाणी ही निसर्गाची देणगी आहे. पाऊस पाडताना मेघ हे शेत श्रीमंताचे की गरिबाचे, असा विचार करीत नाही. परंतु तेच पाणी एकदा विहिरीत, तळ्यात किंवा हौदात साठले, की माणसे त्याच्याभोवती भिंती उभ्या करतात. काही भिंती दगडाच्या असतात, तर काही माणसांच्या मनातल्या असतात. दगडाची भिंत पहारीने पाडता येते. मनातली भिंत पाडण्यास मात्र फार मोठे धैर्य लागते. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी पुणे शहरात एका पुरुषाने हे धैर्य दाखविले, आणि त्याची सुरुवात स्वतःच्या घरच्या हौदापासून केली. त्या थोर पुरुषाचे नाव महात्मा जोतीराव फुले.

जोतीरावांचा जन्म १८२७ साली झाला. त्यांचे मूळ घराणे सातारा जिल्ह्यातील कटगुण ह्या गावचे. पुढे हे कुटुंब पुण्यास आले व फुलांचा व्यवसाय करू लागले. त्यावरून फुले हे आडनाव रूढ झाले. जोतीराव तान्हे असतानाच त्यांच्या मातोश्री चिमणाबाई वारल्या. सगुणाबाई नावाच्या एका मायाळू बाईंनी त्यांचा सांभाळ केला. वडील गोविंदराव ह्यांनी मुलाला शाळेत घातले खरे. परंतु माळ्याच्या मुलास विद्या कशाला हवी, असे काही लोकांनी त्यांच्या मनात भरविले, आणि जोतीरावांची शाळा सुटली. हाती पाटीऐवजी खुरपे आले. ते दिवसभर मळ्यात राबत व रात्री दिव्याच्या उजेडात वाचीत बसत. शेजारी राहणारे गफार बेग मुनशी आणि लिजिटसाहेब ह्या दोन गृहस्थांनी त्या मुलाची बुद्धी ओळखली व गोविंदरावांची समजूत घातली. तेव्हा १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत जाऊ लागले.

शाळेत त्यांना निरनिराळ्या जातींचे मित्र मिळाले. जगाचा इतिहास वाचावयास मिळाला. सर्व माणसे जन्मतः समान आहेत, हा विचार त्यांच्या मनात घर करू लागला. अशातच १८४८ साली एक प्रसंग घडला. एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत ते गेले असता, केवळ जातीवरून त्यांचा अपमान करण्यात आला. जोतीराव अत्यंत दुःखी झाले. परंतु विचार करता करता त्यांच्या ध्यानात आले, की आपणांस जर इतके सोसावे लागते, तर ज्यांना अस्पृश्य म्हणून गावाबाहेर ठेवले आहे त्यांची काय अवस्था असेल? स्वतःच्या अपमानातून दुसऱ्याच्या दुःखाची जाणीव होणे, हे थोर मनाचे लक्षण होय.

त्याच वर्षी जोतीरावांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींसाठी शाळा काढली. पत्नी सावित्रीबाई ह्यांना त्यांनी स्वतः शिकविले, आणि त्या शिक्षिका झाल्या. ह्या कार्यामुळे लोक चिडले. गोविंदरावांवर दडपण आले, व १८४९ साली जोतीराव आणि सावित्रीबाई ह्यांना घर सोडावे लागले. तरीही ती दोघे डगमगली नाहीत. पुढे त्यांनी अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठीही शाळा काढल्या. १८५२ साली सरकारने विश्रामबागवाड्यात शालजोडी देऊन जोतीरावांचा गौरव केला.

शाळांचे काम चालू असता जोतीराव गोरगरिबांच्या वस्त्यांतून हिंडत. तेथे त्यांना अज्ञानाइतकेच भयंकर असे दुसरे एक दुःख दिसले. ते म्हणजे पाण्याचे दुःख.

पुणे शहराच्या पाण्याची व्यवस्था त्या काळी कशी होती, हे समजून घेण्याजोगे आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी शहराच्या दक्षिणेस कात्रज येथे तलाव बांधून घेतला. कात्रज उंचावर, तर शहर सखल भागात. तेव्हा जमिनीखालून दगडी नळ बांधून तलावाचे पाणी केवळ उताराच्या जोरावर शहरात आणण्यात आले. नळाच्या वाटेवर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले होते. पेठापेठांतून हौद होते. एक हौद भरला, की पाणी पुढच्या हौदाकडे जाई. लोक घागरी, कळशा घेऊन हौदावर येत व पाणी भरून नेत. ही रचना इतकी कुशल होती, की तिचे कौतुकच करावे.

परंतु ह्या उत्तम रचनेत एक मोठा दोष होता, आणि तो दगडचुन्याचा नव्हता. पाणी सर्व पेठांतून वाहत असे; मात्र ते सर्व माणसांना मिळत नसे. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या लोकांना हौदास हात लावण्याची मनाई होती. त्यांच्या बायका रिकामी घागर घेऊन दूर उभ्या राहत. येणाऱ्याजाणाऱ्या कोणास दया आली, तर तो वरून ओंजळभर पाणी घाली. कोणास दया आली नाही, तर ऊन चढेपर्यंत त्या तशाच उभ्या राहत. हौद तुडुंब भरलेला, आणि त्याच्यापासून चार हातांवर तहानेने सुकलेली माणसे, असे ते विपरीत दृश्य होते. हौदाचे पाणी न मिळाल्यावर त्यांनी काय करावे? ओढ्याचे किंवा डबक्याचे गढूळ पाणी प्यावे. मग पटकीसारखे रोग त्यांच्या वस्तीत शिरत.

पटकी आणि पाणी ह्यांचा संबंध त्या काळी जगाला नुकताच कळू लागला होता. १८५४ साली लंडन शहरात पटकीची मोठी साथ आली, तेव्हा डॉक्टर जॉन स्नो ह्यांनी घरोघर चौकशी केली, कोठे किती माणसे मेली हे नकाशावर टिपले, आणि एका विशिष्ट पंपाचे दूषित पाणी पिणाऱ्यांतच रोग पसरला आहे, असे दाखवून दिले. ह्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. शहरात एका वस्तीला स्वच्छ पाणी मिळाले नाही, तर तेथून उठलेला रोग सगळ्या शहराला घेरू शकतो. म्हणून सर्वांना चांगले पाणी देण्यात दया जेवढी आहे, तेवढेच शहाणपणही आहे.

जोतीराव पुण्यात गंज पेठेत राहत असत. त्यांच्या घरी पाण्याचा हौद होता. १८६८ साली त्यांनी तो हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला. कोणीही यावे, स्वतःच्या हाताने घागर बुडवावी व पाणी न्यावे. कोणाच्या दयेची वाट पाहण्याचे कारण नाही, अशी ती व्यवस्था होती.

आज वाचताना ही गोष्ट लहानशी वाटेल. आपल्या हौदातले पाणी दुसऱ्यास देणे, ह्यात एवढे विशेष ते काय, असे कोणाच्या मनात येईल. परंतु त्या काळच्या समाजाची स्थिती लक्षात घेतली पाहिजे. शिवाशिवीचा नियम मोडणाऱ्यास जातीबाहेर टाकीत. जातीबाहेर पडलेल्या माणसाच्या घरी कोणी जेवावयास येत नसे, त्याच्याशी सोयरीक करीत नसे, त्याच्या सुखदुःखात भाग घेत नसे. जोतीरावांच्या ह्या कृत्याने त्यांचे जातभाईही रुष्ट झाले. आपण काय करीत आहोत व त्याची किंमत काय पडेल, हे जोतीरावांना पुरते ठाऊक होते. दुसऱ्याने काय करावे हे सांगणारे पुष्कळ असतात. त्यांनी मात्र आपल्या घरापासून आरंभ केला. शिवाय त्यांनी पाणी नुसते वाटले नाही. दान घेणाऱ्याचा हात नेहमी खाली राहतो. हक्काने पाणी भरणाऱ्याची मान ताठ राहते. हा भेद जोतीरावांनी ओळखला होता.

ह्या कृतीचा संस्कार त्यांच्या सहकाऱ्यांवरही झाला. जोतीरावांचे स्नेही डॉक्टर विश्राम रामजी घोले ह्यांची काशीबाई नावाची मुलगी लहानपणीच वारली. तिच्या स्मरणार्थ त्यांनी पुढे शहरात एक हौद बांधला व तो सर्व जातींच्या लोकांना खुला ठेवला. पुणेकर त्यास बाहुलीचा हौद म्हणू लागले.

१८७३ साली जोतीरावांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. सर्व माणसे एकाच निर्मिकाची लेकरे आहेत, ही ह्या समाजाची शिकवण होती. थोड्याच काळात ह्या शिकवणीची कसोटी लागली. १८७६ व १८७७ ह्या वर्षी दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, गुरे मेली, माणसे गाव सोडून शहराकडे निघाली. सत्यशोधक समाजाने मदत गोळा केली. पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळपीडित मुलांसाठी आश्रम काढण्यात आला व तेथे मुलांना जेवण मिळू लागले. ह्या कामात सावित्रीबाई पुढे होत्या. पाण्यावाचून शेतकऱ्याचे कसे हाल होतात, हे ह्या दुष्काळात जोतीरावांनी डोळ्यांनी पाहिले.

ह्याच सुमारास, म्हणजे १८७६ पासून १८८२ पर्यंत, जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते. त्या वेळी सभासदांची नेमणूक सरकार करीत असे. नगरपालिकेत बसणारे बहुतेक लोक धनिक किंवा प्रतिष्ठित असत. शहराचे रस्ते, पाणी, दिवे, सफाई ह्यांवर पैसा कोठे व किती खर्च करावयाचा, हे तेथे ठरे. ज्यांच्या वस्तीत पाणी नाही, त्यांच्या वतीने बोलणारा तेथे कोण असणार? ते काम जोतीरावांनी केले. करदात्यांचा पैसा गरिबांच्या उपयोगी पडला पाहिजे, हा त्यांचा आग्रह असे. १८८० साली शहरात दारूची दुकाने वाढू लागली, तेव्हा त्यांनी नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांस पत्र लिहून विरोध केला. लोकांच्या आरोग्यासाठी एका हाताने खर्च करावयाचा आणि दुसऱ्या हाताने आरोग्य नासणाऱ्या दुकानांकडे दुर्लक्ष करावयाचे, ही विसंगती त्यांनी दाखवून दिली.

त्याच वर्षी आणखी एक प्रसंग घडला. हिंदुस्थानचे व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार होते. त्यांच्या स्वागतासाठी शहर शृंगारावे व त्याकरिता एक हजार रुपये खर्च करावे, असा ठराव नगरपालिकेपुढे आला. साक्षात व्हाइसरॉयच्या स्वागतास विरोध कोण करणार? एकट्या जोतीरावांनी केला. हा पैसा कमानी व पताकांवर उधळण्यापेक्षा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा, असे त्यांनी स्पष्टपणे सांगितले. ठराव मंजूर झाला. विरोधी मत पडले ते एकच. परंतु संख्येने हरलेले मतही कधीकधी न्यायाने जिंकलेले असते, ह्याचे हे उदाहरण आहे.

जोतीराव बांधकामाची कंत्राटेही घेत असत. शहराजवळ मुठा नदीवर खडकवासल्याचे धरण बांधले जात होते. ह्या धरणाच्या कामाशीही त्यांचा संबंध आला. हे धरण १८७९ साली पुरे झाले, आणि त्याच्या कालव्यांमधून पुण्यास व आसपासच्या शेतांस पाणी मिळू लागले. दगड फोडणारे, माती वाहणारे मजूर कसे जगतात हे जोतीरावांनी तेथे जवळून पाहिले. कालव्याच्या पाण्यावर उत्तम शेती कशी करावी, हे दाखविण्यासाठी त्यांनी पुण्याजवळ मांजरी येथे स्वतः शेती केली.

ह्या सर्व अनुभवांचे सार त्यांनी १८८३ साली शेतकऱ्याचा असूड ह्या ग्रंथात मांडले. शेतकऱ्याच्या दारिद्र्याची कारणे सांगून ते थांबले नाहीत. त्यावरचे उपायही त्यांनी सुचविले. डोंगरउतारावर व शेतांत जागोजाग ताली आणि बंधारे घालावे. म्हणजे पावसाचे पाणी एकदम वाहून न जाता आधी जमिनीत मुरेल व मग ओढ्यानाल्यांस मिळेल. त्यामुळे विहिरींना पाणी येईल आणि सुपीक माती वाहून जाणार नाही. डोंगरांमधल्या दऱ्यांत तलाव व लहानमोठी धरणे बांधावी. लष्कर व पोलीस ह्यांतील शिपायांना फावल्या वेळी ह्या कामी लावावे. जमिनीखाली पाणी कोठे आहे हे जाणणाऱ्यांकडून झऱ्यांचा शोध घ्यावा. असे ते उपाय होते.

कालव्यांविषयीही त्यांनी नेमकी तक्रार केली. शेतकऱ्याकडून पाण्याची पट्टी घेतात. परंतु त्याला किती पाणी मिळाले ह्याचे माप कोणी ठेवीत नाही. वेळेवर पाणी न मिळाल्यास पीक करपते, आणि त्याची जबाबदारी कोणी घेत नाही. म्हणून प्रत्येक शेतकऱ्यास जरुरीपुरते पाणी मोजून मिळेल अशी तोटी बसवावी, असे त्यांनी सुचविले. घरचा हौद खुला करणाऱ्या ह्या पुरुषाच्या मनात शेवटपर्यंत एकच प्रश्न होता. पाणी आहे, पण ते प्रत्येकापर्यंत पोहोचते काय?

१८८८ साली मुंबईच्या जनतेने जोतीरावांना महात्मा ही पदवी अर्पण केली. त्याच वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला व उजवा हात लुळा पडला. तेव्हा त्यांनी डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला आणि आपला अखेरचा ग्रंथ पुरा केला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ह्या महापुरुषाचे देहावसान झाले. सावित्रीबाईंनी त्यांचे व्रत पुढे चालविले. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली असता रोग्यांची सेवा करताना त्यांनाही प्लेग झाला आणि त्यातच त्यांचा अंत झाला.

जोतीरावांनी उघडलेला हौद एका घरचा होता. सार्वजनिक पाणवठे मात्र अजून बंदच होते. ते उघडण्यासाठी पुढच्या पिढीला मोठा लढा द्यावा लागला. १९२३ साली मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला. परंतु गावोगावी तो कागदावरच राहिला. तेव्हा २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह महाड येथील चवदार तळ्यावर गेले आणि त्यांनी तेथील पाणी प्राशन केले. त्यानंतर दहा वर्षे कोर्टात वाद चालला, व १९३७ साली तळ्याचे पाणी वापरण्याचा त्यांचा हक्क मान्य झाला. बाबासाहेब जोतीरावांना आपल्या तीन गुरूंपैकी एक मानीत असत. पुढे १९५० साली भारताचे संविधान अमलात आले. सार्वजनिक विहिरी, तलाव व स्नानाचे घाट ह्यांचा वापर करण्यास धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान ह्या कारणांवरून कोणासही अडविता येणार नाही, असे त्यात स्पष्ट नमूद केलेले आहे. गंज पेठेतील एका हौदावर सुरू झालेली वाट अशी देशाच्या संविधानापर्यंत येऊन पोहोचली.

जोतीरावांचा शेतीच्या पाण्याविषयीचा विचारही कालांतराने रुजला. जालना जिल्ह्याचा मुलूख कमी पावसाचा. ह्या जिल्ह्यातील कडवंची गावच्या लोकांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस एकत्र येऊन शेतांना बांध घातले, ओढेनाले अडविले आणि पावसाचे पाणी जमिनीत जिरविले. त्यामुळे कोरड्या रानात द्राक्षांचे मळे उभे राहिले. त्याच जिल्ह्यातील अंबड तालुक्यात वडीगोद्री हे गाव आहे. ह्या तालुक्यातून जायकवाडी धरणाचा डावा कालवा पुढे परभणीकडे जातो. कोणत्याही कालव्याच्या मुखाशी पाणी लवकर पोहोचते. शेवटच्या शेतापर्यंत ते पोहोचतेच असे नाही. मोठ्या शहरांतही काही वस्त्यांत नळ घरात असतो, तर काही वस्त्यांत बायामुले हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. पाणी कमी असेल तेव्हा ते कोणी, किती व कोणत्या क्रमाने घ्यावे, हे न्यायाने ठरविणे भाग असते, आणि ज्यांना पाणी लागते त्या सर्वांचे म्हणणे ऐकल्यावाचून न्याय होत नाही.

गंज पेठेतील जोतीरावांचा वाडा स्मारक म्हणून जतन करण्यात आला आहे. त्या जागेस समताभूमी असे म्हणतात. तेथे जाणाऱ्या माणसाने क्षणभर थांबून डोळ्यांपुढे ते दृश्य आणावे. रोज दूर उभी राहणारी एक बाई प्रथमच पुढे येते, हौदाच्या काठाशी वाकते, स्वतःच्या हाताने घागर बुडविते आणि भरलेली घागर डोक्यावर घेऊन ताठ मानेने घराकडे निघते. तिला अडविणारे तेथे कोणीही नाही.